झाडे लावली, पण मे महिन्यात पाणी कोण घालणार?

जिल्ह्याच्या कामासाठी छिंदवाड्याला चकरा मारण्यात आपल्या पिढ्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर व पांढुर्णा एका नव्या जिल्हा कार्यालयाखाली आले. आपल्या शाळांचे नियोजन आता जवळून होऊ शकते. म्हणून शाळा पर्यावरणपूरक करण्याचा विषय आपण आताच हाती घ्यावा, असे आम्हाला वाटते.

विषय तसा जुना आहे. शाळांमध्ये इको क्लब काढण्याची केंद्राची योजना २००१-०२ पासूनची. शाळेच्या आवारात भाजीपाला पिकवून तो मुलांच्या जेवणात वापरावा, अशा सूचना २०१९ मध्ये निघाल्या. २०२२ च्या पीएम श्री योजनेत सौर पॅनेल, पावसाचे पाणी साठवणे, कचऱ्याची विल्हेवाट हे सारे आले. पण ही योजना साडेचौदा हजारांवर शाळांपुरती आहे आणि देशात शाळा आहेत साधारण पावणेपंधरा लाख. म्हणजे शंभरात एक. बाकीच्यांनी वाटच पाहायची का?

तशी गरज नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते, तिलाच आपण शाला प्रबंधन समिती म्हणतो. सरकारी शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते आणि शासनाचे अनुदान त्या आराखड्याच्या आधारे ठरावे, असे कलम २२ सांगते. आराखड्यात पाणी, सावली, सौर वीज लिहिलीच नाही, तर पैसा मागणार कशाच्या आधारावर?

दुसरा मुद्दा झाडांचा. २०२४ पासून 'एक पेड माँ के नाम' मोहीम सुरू आहे. जुलैत रोपे लागतात, फोटो निघतात. मे महिन्यात शाळेला कुलूप असते आणि रोपे वाळतात. आयुष्य बँकेत गेल्यामुळे एक गोष्ट आम्हाला पक्की ठाऊक आहे: खाती किती उघडली यापेक्षा चालू किती राहिली, तेच खरे. शाळेनेही दर जूनमध्ये जगलेली झाडे मोजावीत.

संत्र्याचे कलम उन्हाळ्यात कसे जगवायचे, हे सौंसरच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. आळे, ठिबक, बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन हे त्याच्या हातचे काम आहे. तेच शाळेच्या कडुनिंबाला आणि शेवग्याला लागू आहे.

तेव्हा सभासदांना विनंती एवढीच: पालक असाल तर समितीच्या बैठकीला जा, विकास आराखडा मागून वाचा आणि त्यात या गोष्टी लिहून घ्या. आजी-आजोबा असाल तर आपल्या गल्लीजवळच्या शाळेची पाच झाडे मे आणि जूनपुरती वाटून घ्या. दिवसाआड दोन बादल्या पाणी घालायचे, एवढेच काम आहे. नातवंडे त्या सावलीत डबा खातील.