चित्रफितींची चोरी आणि मालकाची सूचना

‘केवळ प्रौढांसाठी’ असलेल्या चित्रफितींचा विषय ह्या पानावर पाहून काही वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. पडोत बापड्या. पण इंटरनेटवर दुसऱ्याची कृती चोरली गेली असता कायदा कोणाच्या बाजूने आणि किती उभा राहतो, हे ज्या खटल्यांतून ठरत गेले त्यांत हा धंदा करणारी मंडळीही आहेत; आणि त्या वादात जे प्रश्न निघाले तेच उद्या एखाद्या गवयाच्या ध्वनिमुद्रणाविषयी निघणार आहेत.

अशा चित्रांस स्वामित्वहक्क असावा काय, हाच मुळात वाद होता. अमेरिकेत १९७९ साली एका अपील न्यायालयाने सांगितले की, चित्र अश्लील आहे ही सबब ते चोरणारास चालणार नाही. निकाल शहाणपणाचा होता. नीतीचा निवाडा करावयास वेगळे कायदे आहेत. तो चोराच्या हाती कशाला सोपवावा?

पुढे १९९८ च्या अमेरिकन कायद्याने एक तडजोड केली. लोकांनी चढविलेल्या फितीबद्दल संकेतस्थळाच्या चालकास भरपाईसाठी धरू नये. मात्र मालकाची रीतसर लेखी सूचना येताच त्याने ती फीत त्वरित काढावी आणि वारंवार चोरी करणारास हाकलावे. आयओ ग्रुप ह्या प्रौढचित्रांच्या कंपनीने व्हिओ ह्या संकेतस्थळावर फिर्याद केली, ती २००८ साली कॅलिफोर्नियात फेटाळली गेली. फिर्यादीपूर्वी कंपनीने एकही सूचना धाडली नव्हती! उलट, येणाऱ्या सूचनांवर व्हिओ तत्परतेने हालचाल करीत असे, हे न्यायालयास पटले.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने आणि २०१३ च्या नियमांनी जवळपास हीच वाट धरली. तक्रार पोचल्यापासून ३६ तासांत चालकाने फीत बंद करावयाची. पण २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम आला नाही, तर ती पुन्हा खुली करण्यास तो मोकळा. आणि दावा लावण्याची हमी तक्रारीतच लिहून द्यावी लागते. खरी मेख येथे आहे. मोठ्या कंपनीच्या पदरी वकील असतात. एकट्या गायिकेने काय करावे? एवढे बरे की, स्वतः राहत्या गावच्या जिल्हा न्यायालयात तिला दावा लावता येतो. प्रौढचित्रांच्या मालकास मात्र येथे तक्रार लिहितानाही विचार करावा लागेल, कारण तसली चित्रे इंटरनेटवर प्रसिद्ध करणे हाच माहिती-तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे.

सूचना द्यावयाची तर हक्क कोणाचा, हे आधी पाहिले पाहिजे. तबकडीतील ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा ती काढणाऱ्या कंपनीकडे असतो, आणि प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी तो संपतो. बैठकीत गाणाऱ्यास कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहे, तो ५० वर्षांचा. शिष्याने खाजगी उपयोगासाठी किंवा प्रामाणिक अध्ययनासाठी गुरूचे गाणे टिपून घेतले तर कायद्याची हरकत नाही. तेच त्याने संमतीवाचून जगापुढे चढविले की हरकत येते. आमच्या शिकवणीच्या खोल्यांत हा भेद कोणी सांगत नाही.

आणि काढलेली फीत दुसऱ्या दिवशी निराळ्या नावाने पुन्हा चढतेच. तिला आपोआप ओळखणारी यंत्रणा यूट्यूबने उभारली आहे खरी. पण ती मिळते मोठा संग्रह बाळगणाऱ्या मालकांना. बाकीच्यांनी रोज नवे पत्र लिहीत बसावे.