प्रगतीपुस्तकातला न वाचलेला रकाना

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न येतोच. मागच्या भरतीच्या वेळी एक वडील आपल्या १९ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. "डॉक्टरसाहेब, पोरगं पळण्यात पहिलं येतंय, पण उंची १६३ भरतेय. पाहिजे १६५. दोन सेंटिमीटरपुरतं एखादं इंजेक्शन द्या, पैशाचं बघू आपण."

घरी पावडरचे दोन डबे संपले होते. दाराच्या चौकटीला लोंबकळूनही झाले होते. मी एक्स-रे काढायला लावला. हाडांच्या टोकांशी असणाऱ्या वाढीच्या पट्ट्या पूर्ण मिटलेल्या होत्या. आता जगातले कोणतेही औषध या मुलाची उंची वाढवू शकत नाही, हे त्या बापाला सांगताना मलाच जड गेले.

असे का होते? मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. लहानपणी मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. वयात येताना या ग्रंथीच्या हुकमाने मुलींच्या शरीरात इस्ट्रोजेन आणि मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, वाढू लागतात. ऐन भरात मुलगी वर्षाला ८-९ सेंटिमीटर आणि मुलगा ९-१० सेंटिमीटर वाढतो. पण गंमत अशी, की वाढीच्या पट्ट्या मिटवतात तीही हीच संप्रेरके. पाळी सुरू झाल्यावर मुलीची साधारण ५ ते ७ सेंटिमीटर वाढ उरलेली असते. मुलगे दोनेक वर्षे मागून येतात आणि बहुतेकांची वाढ सतरा-अठराव्या वर्षी संपत येते. त्यानंतर पावडर विकणारा फक्त आपले घर भरतो.

वेळेवर न पाहण्याची चूक पालकच करतात असे नाही. मीही केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आठवीतली एक मुलगी माझ्याकडे येत असे. अशक्तपणा, वर्गात डुलक्या, अभ्यासात मन नाही. घरी तिचे नाव 'आळशी' पडले होते. मी वर्षभरात दोनदा लोहाचे टॉनिक लिहून दिले आणि मोकळा झालो. तिसऱ्या खेपेला आई रागारागाने मुलीची प्रगतीपुस्तकेच घेऊन आली. "बघा डॉक्टर, कसे मार्क पडतात ते!" मी मार्क पाहिले, आणि माझी नजर शेजारच्या उंची-वजनाच्या रकान्यावर गेली. पाचवीत १२९, सहावीत १३१, सातवीत १३२. तीन वर्षे शाळा लिहीत होती आणि आम्ही कोणीच वाचत नव्हतो.

रक्त तपासले. थायरॉईडचे संप्रेरक फारच कमी होते. रोजची एक छोटी गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत मुलगी हसू-बोलू लागली. उंची वाढली, पुढे पाळीही आली. पण गेलेली वर्षे पूर्ण भरून निघाली नाहीत. आई-वडिलांच्या मानाने ती बुटकीच राहिली. ती आळशी नव्हती, आजारी होती. ही सल माझ्या मनात कायम आहे.

वागण्याबद्दलही माझे मत हेच आहे. आधी पाहा, मग रागवा. या वयात झोप आणणाऱ्या संप्रेरकाची वेळच पुढे सरकते. मुलाला रात्री अकरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही, हा सगळाच मस्तवालपणा नसतो. भावना उसळतात, पण त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो. म्हणून उलट उत्तर दिले की लगेच हात उगारू नये. मात्र 'वयाचा गुण आहे' म्हणून सारेच सोडूनही देऊ नये. मूल आठवडे न् आठवडे गप्प राहत असेल, जेवण-खेळ सोडत असेल, मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणा.

वाचकहो, एवढेच करा. दर वाढदिवसाला भिंतीला उभे करून मुलाची उंची वहीत लिहा. वयात येण्याआधी वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ दिसली, तर दाखवा. मुलीमध्ये आठव्या आणि मुलामध्ये नवव्या वर्षाच्या आत वयात येण्याच्या खुणा दिसल्या, किंवा मुलीमध्ये तेराव्या आणि मुलामध्ये चौदाव्या वर्षापर्यंत एकही खूण दिसली नाही, तरी दाखवा. पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तर 'येईल हो' म्हणत बसू नका. बहुतेकदा काळजीचे काही निघत नाही. पण जेव्हा निघते, तेव्हा वेळ हेच औषध असते.

या वेळी निकाल लागला की मार्कांआधी उंचीचा रकाना वाचा. मार्क पुढच्या वर्षी वाढवता येतात.