काचेतील समुद्र आणि शेवाळ

वांकिडीहून कोणत्याही दिशेस निघाले तरी समुद्र शंभर कोसांच्या पलीकडेच लागतो. परंतु हल्ली मत्स्यालयासाठी तयार केलेले समुद्री मीठ घरपोच येते. ते लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळविले की समुद्र आमच्या ओसरीवरही नांदू शकतो. ही हौस बाळगणाऱ्यांची काही महिन्यांतच ज्या शत्रूशी गाठ पडते, त्या शेवाळाविषयी या खेपेस लिहावयाचे आम्ही योजिले आहे.

नव्या टाकीत प्रथम धरणारी तपकिरी साय पाहून घाबरू नये. ती बहुधा आपोआप विरते. खरा उपद्रव खडकांवर केसांसारख्या वाढणाऱ्या हिरव्या शेवाळाचा. त्याचे अन्न नायट्रेट व फॉस्फेट, आणि ते पुरवितो आपणच. घरी आलेला प्रत्येक पाहुणा कौतुकाने चिमूटभर खाद्य टाकतो; मासे खातात ते थोडे, उरलेले कुजून शेवाळास मिळते. शिवाय आमचा मुलूख कापसाचा. शेतात घातलेल्या खताचा अंश विहिरीच्या पाण्यात उतरू शकतो, म्हणून टाकीस आर. ओ. यंत्राचेच पाणी वापरावे. उन्हाळ्यात आटलेल्या पाण्याची भर मात्र गोड्या पाण्याने करावी. पाणी उडते, मीठ मागे राहते.

येथे एक फसगत संभवते. पाणी तपासावे तर नायट्रेट शून्य, आणि खडक मात्र हिरवेगार! जे पाण्यात असावयाचे ते शेवाळाने आधीच गिळलेले असते.

बाजारात शेवाळनाशक औषधे मिळतात, पण ताम्रयुक्त औषधाने शंख आणि कोळंबी यांचा बळी जातो. त्यापेक्षा हाताने उपटणे, दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलणे, दिवा आठ तासांवर न ठेवणे आणि खाद्यास आवर घालणे हाच राजमार्ग होय. सोबतीस शेवाळ चरणाऱ्या गोगलगाई असाव्यात.

चरणाऱ्यांचे मोल जमैका बेटाने फार महाग दिले. तेथे अतिमासेमारीने शेवाळखाऊ मासे आधीच विरळ झाले होते. भार उरला लांब काट्यांच्या काळ्या सागरी साळूंवर. १९८० साली चक्रीवादळाने प्रवाळांची मोडतोड केली आणि १९८३ मध्ये रोगाने या साळूही जवळजवळ नामशेष झाल्या. १९७७ साली समुद्रतळाचा सुमारे निम्मा भाग जिवंत प्रवाळांनी व्यापलेला होता. १९९० नंतरच्या पाहणीत तो जेमतेम ३ टक्के उरला. बाकी सारे शेवाळ.

गंमत अशी, की प्रवाळ जगतो तोही शेवाळावरच. त्याच्या अंगात वसणारे सूक्ष्म शेवाळ सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यास भरविते. आतले पोसते, बाहेरचे गुदमरविते.

मात्र आमच्या वाचकांनी टाकीत जिवंत प्रवाळ आणण्याच्या मोहात पडू नये. खडक रचणारी सर्व प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. विक्रेता काहीही सांगो, ती घरी बाळगणे गुन्हाच. दगड, मासे आणि शंख एवढ्यांवरही टाकी सुरेख दिसते. प्रवाळ पाहावयाचेच असतील तर दिवाळीनंतर, समुद्र निवळल्यावर, मालवणास जावे. १९८७ साली अभयारण्य झालेल्या तेथील पाण्यात ते आपल्या घरीच भेटतात.