खुलताबादला गाडी थांबत नाही

शाळेच्या सहलीचा कार्यक्रम वर्षानुवर्षे ठरलेला असतो. सकाळी लवकर निघायचे, दौलताबादचा किल्ला चढायचा, डबे खायचे, वेरूळची लेणी पाहायची, घृष्णेश्वराचे दर्शन घ्यायचे आणि दिवे लागायच्या आत परत. दौलताबाद आणि वेरूळ यांच्या मध्ये खुलताबाद लागते. तिथे गाडी थांबत नाही.

पूर्वी मी एका मराठी शाळेत होतो. पहिल्याच सहलीत मी सहज म्हणालो, “सर, इथे अर्धा तास थांबू या का? मुलांना मलिक अंबरची कबर दाखवता येईल.” सोबतचे सर भले माणूस. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, “अहो, कशाला उगीच? पालकांचे फोन येतील.” बस वेरूळचा घाट उतरू लागली. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाने विचारले, “सर, ते पांढरे घुमट कशाचे होते?” त्याला उत्तर मिळाले, पण खिडकीतून मागे वळून पाहताना.

पुढे मी उर्दू शाळेत आलो. तिथली सहल याच रस्त्याने जाते, खुलताबादला थांबतेही. दर्ग्यांवर फातेहा होते, मुले खेळतात, बिर्याणी होते. पण किल्ल्यातल्या जनार्दन स्वामींच्या समाधीपाशी कुणी थांबत नाही. वेरूळच्या गढीपाशीही नाही. एका बाजूची गाडी एक थांबा गाळते, दुसऱ्या बाजूची दुसरे दोन. रस्ता मात्र एकच आहे.

हा रस्ता जेमतेम तीस किलोमीटरचा. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, इथल्या छावणीकडून निघायचे. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, मग दौलताबाद, कागजीपुरा, खुलताबाद आणि घाट उतरून वेरूळ. कालपरवापर्यंत हाच सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग होता, क्रमांक 211. 2010 साली देशातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले आणि हा पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत जाणाऱ्या 52 क्रमांकात सामील झाला. मग चौपदरीकरण आले. नवा रस्ता शहराला आणि दौलताबादला वळसा घालून निघून गेला. जुना रस्ता फाट्यासारखा बाजूला राहिला. दौलताबादला तो अजूनही जुन्या कोटाच्या दरवाजातून जातो. समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या की एकीला थांबावेच लागते.

लांब पल्ल्याचे ट्रक आता वळशाने जातील. बरेच झाले. त्या कमानीचा जीव वाचेल. पण वाहतूक कमी झाली की रस्त्याकडे सरकारचे आणि लोकांचेही लक्ष कमी होते. म्हणून या रस्त्यावर काय काय आहे, ते आताच एकदा सांगायला हवे.

देवगिरी ही यादवांची राजधानी. 1327 मध्ये मुहंमद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली आणि नाव दौलताबाद ठेवले. आपल्या मुलांना यातला एकच शब्द माहीत असतो, ‘तुघलकी कारभार’. सुलतानाची राजधानी परत दिल्लीला गेली, हे पाठ्यपुस्तक सांगते. पण आलेली सगळीच माणसे परत गेली नाहीत, हे सांगायचे राहते. निजामुद्दीन औलियांचे मुरीद बुऱ्हानुद्दीन गरीब इथेच राहिले आणि 1337 मध्ये इथेच वारले. निजामुद्दीन औलियांची वचने ‘फवाइदुल फुआद’ या ग्रंथात उतरवून ठेवणारे कवी अमीर हसन सिज्जी हेही खुलताबादच्या मातीत आहेत. चौदाशे वलींची पालखी दिल्लीहून दख्खनला आली, असे लोक श्रद्धेने सांगतात. आकडा सोडून द्या. पण सांगताना शब्द निघतो तो ‘पालखी’, हे महाराष्ट्राबाहेर घडले नसते.

राहिलेल्या या माणसांची बोली इथल्या मराठीच्या शेजारी नांदली आणि तिची दखनी झाली. माझे विद्यार्थी घरात ‘नक्को’ म्हणतात, ‘अभीच आया’ म्हणतात. उत्तरेकडून आलेला पाहुणा हसतो आणि मुले ओशाळतात. मी त्यांना सांगतो, ओशाळू नका. तो ‘नको’ आणि तो ‘च’ मराठीने तुमच्या आजीच्या आजीला दिला आहे. आणि मराठी मुलाच्या पाठीवरचे दप्तर, त्याची शाई, त्याची हजेरी आणि त्याच्या आजोबांची दौत कुठून आली, हेही त्याला सांगतो. भाषेचा हा व्यवहार एकतर्फी कधीच नव्हता.

दौलताबादहून घाट चढला की कागजीपुरा लागतो. चिंध्या कुटून, लगदा करून, हाताने कागद काढणाऱ्यांचे हे गाव. तुघलकाच्या काळापासून हे काम चालत आल्याचे गावकरी सांगतात. कागदावर ज्यांचे पोट आहे अशा आम्हा शिक्षकांनी तरी इथे मुलांना उतरवायला हवे. आम्ही काचेतून पाटी वाचतो आणि पुढे जातो.

मग खुलताबाद. पूर्वी या गावाला रौजा म्हणत. औरंगजेबाला मरणोत्तर ‘खुल्दमकान’ म्हटले गेले, त्यावरून खुल्दाबाद. खुल्द म्हणजे कायमचे घर, जन्नत. मराठी जिभेने त्याचे खुलताबाद केले. याच गावात भद्रा मारुती आहे, निजलेला मारुती. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शनिवारी शहरातून हजारो माणसे याच रस्त्याने पायी जातात. उरुसाचे लोकही याच रस्त्याने जातात. पायी जाणाऱ्याला तहान लागते, तेव्हा पाणी देणाऱ्याचे नाव कुणी विचारत नाही.

याच गावात मलिक अंबर आहे. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, त्याने जहांगीर बादशहाच्या फौजांना आयुष्यभर दमवले आणि खडकी वसवली. तीच खडकी पुढे औरंगाबाद झाली. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले. घाट उतरला की वेरूळ, भोसल्यांचे गाव. वजिराची कबर आणि त्याच्या बाजूने लढलेल्या सरदाराची गढी यांच्यात एक घाट आहे. हे अंतर बसने दहा-पंधरा मिनिटांचे. आमच्या शिकवण्यात ते फार मोठे झाले आहे.

किल्ल्यातली समाधीही तशीच. जनार्दन स्वामी हे देवगिरीचे किल्लेदार, म्हणजे मुसलमान राजवटीचे नोकर, आणि संत एकनाथांचे गुरू. दर गुरुवारी किल्ल्याचे कामकाज त्यांच्यासाठी बंद असे, अशी परंपरा सांगतात. मुलांना सहिष्णुतेवर निबंध लिहायला लावण्यापेक्षा त्या पायऱ्यांवर बसवून एवढे सांगितले तरी पुरे.

आता तुम्ही म्हणाल, मूळ प्रश्न मी टाळतो आहे. टाळत नाही. खुलताबादला गाडी थांबत नाही ती एका कबरीमुळे. 2025 च्या मार्चमध्ये ती हटवण्याच्या मागणीवरून वातावरण तापले, नागपुरात दंगल झाली आणि खुलताबादला पोलिसांचा पहारा बसला. त्या दिवसांत वर्गात एका मुलाने मला विचारले, “सर, तो आपला होता का?”

मी त्याला जे सांगितले, तेच इथे लिहितो. 1689 मध्ये औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांना हालहाल करून मारले. मराठी माणसाच्या मनातली ती जखम खरी आहे, आणि मराठी बोलणाऱ्या मुसलमानाने ती जखम आपलीही मानावी, असे मला वाटते. औरंगजेबाची वकिली करणे आपल्या दीनाने आपल्यावर फर्ज केलेले नाही. पण त्याचा हिशेब आठवीतल्या एखाद्या रफिककडे मागणे हाही न्याय नव्हे. ती कबर साधी आहे, उघड्या आभाळाखाली, झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या अंगणात. दख्खन जिंकायला आलेला बादशहा 1707 मध्ये अहमदनगरला मेला आणि दख्खनच्याच मातीत पुरला गेला. हा धडा त्या जागेइतका नीट दुसरीकडे कुठे शिकवता येईल? कबर काढली तर मराठ्यांच्या झुंजीचा एक साक्षीदारच जाईल.

एका कबरीच्या भीतीने आपण मलिक अंबर गमावला, अमीर हसन गमावला, कागजीपुरा गमावला. दर्ग्यापलीकडे न पाहण्याच्या सवयीने आमच्या बाजूने एकनाथांचे गुरू आणि मालोजी भोसल्यांचे गाव गमावले. दोष वाटून घ्यायचा, तर अर्धा माझ्या घरी आणून ठेवा.

शिक्षक बंधू-भगिनींना माझी एक साधी विनंती आहे. पुढच्या सहलीत या रस्त्यावर पाच ठिकाणी थांबा. जनार्दन स्वामींची समाधी, कागजीपुरा, मलिक अंबरची कबर, भद्रा मारुती आणि वेरूळची गढी. लेणी आहेतच. वेळ कमी पडला तर डब्याची सुट्टी अर्धी करा. शक्य असेल तर जवळची मराठी शाळा आणि उर्दू शाळा एकाच दिवशी निघू द्या. आमच्या मुलांना मराठी बोलायची सवय होईल, तुमच्या मुलांना ‘नक्को’ कुठून आला ते कळेल.

पालकांचे फोन येतील. येऊ द्यात. मागच्या वर्षी मी आमच्या मुलांना समाधीपाशी नेले, तेव्हा मलाही दोन आले. एका वडिलांना मी सगळे समजावून सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “सर, इतकी वर्षे मी त्या रस्त्याने सीताफळे आणायला जातो. हे कुणी सांगितलेच नाही.”

सांगायचे काम आपलेच होते.