तुटीचे वाटप : महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, मुंबई

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुन्या दगडी बंधाऱ्यांची साखळी आहे. त्यांवरची फड पद्धती तीन-चारशे वर्षांची मानली जाते. बंधाऱ्याला अडलेले पाणी पाटात वळते आणि उताराने शेतात पोहोचते; पंप नाही, वीज नाही. भिजणाऱ्या क्षेत्राला थळ म्हणतात. थळाचे तीन-चार फड पाडलेले असतात आणि एका फडात एका वेळी एकच पीक घेतले जाते. ऊस एका फडात असला तर पुढे तो दुसऱ्या फडात जातो. पाणी सोडायला पाटकरी, पिकांच्या राखणीला जागल्या. दोघांनाही लाभधारकांनीच नेमायचे आणि मोबदलाही त्यांनीच द्यायचा. पाटातला गाळही त्यांनीच काढायचा.

या पद्धतीचे खरे मर्म टंचाईच्या वर्षी कळते. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडीथोडी असते. नदीला पाणी कमी असले की पंच बसतात आणि यंदा किती फड भिजवायचे ते ठरवतात. एक फड सोडला तर सगळ्यांचाच एकेक तुकडा कोरडा राहतो, पण कोणाचेच सगळे शिवार करपत नाही. 1987 च्या ब्रुंटलँड अहवालाने शाश्वत विकासाची व्याख्या पुढच्या पिढ्यांच्या गरजांशी जोडली. फडाने आधी शेजाऱ्याचा विचार केला. तोच हिशेब पिढ्यान्‌पिढ्या टिकला, यात नवल नाही.

अर्थात फड म्हणजे रामराज्य नव्हे. तिथे पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला, त्यामुळे भूमिहीन बाहेरच राहिला. ही उणीव 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने भरून काढली. तिथे पाणी माणशी मोजले गेले, भूमिहीनालाही वाटा मिळाला आणि उसाला मनाई झाली.

पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी आणि पंप वाढले. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला पंचांची गरज उरली नाही. अनेक फड मोडले. काही अजून चालतात.

प्राधिकरणाचा 2005 चा कायदा पाण्याच्या समन्यायी वाटपाची भाषा करतो. गोदावरी खोऱ्यातील वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याबाबत 2014 मध्ये दिलेला आदेशही तुटीच्या वाटपाचाच होता. मात्र तो वाद कोरड्या वर्षी पुन्हा न्यायालयात जातो, कारण तूट कशी वाटायची हे पाणी संपत आल्यावर ठरते आणि वाटणारा दूर बसलेला असतो. चालू असलेल्या फडांचे पाण्याचे हक्क प्राधिकरणाने नोंदवावेत, वरच्या धरणांतून त्यांचा वाटा सोडावा आणि प्रत्येक पाणीवापर संस्थेला टंचाईच्या वर्षाचा नियम पेरणीपूर्वी लेखी ठरवायला लावावा.