30 सप्टेंबरच्या आत पट भरा

8 जुलै 2025 ला मिरा रोडला मराठीसाठी जो मोर्चा निघाला, तो साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिला. परवानगी नव्हती, पहाटेपासून धरपकड चालू होती, तरी माणसं आली. रेल्वेने आली, रिक्षाने आली, पायी आली. त्या गर्दीला आणि त्या गर्दीकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनाही आता एका बिनगाजावाजाच्या कामासाठी बोलवायचं आहे. मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या शाळा टिकवायच्या आहेत. त्यासाठी घोषणा लागत नाहीत. वर्षातले तीन-चार महिने थोडी वणवण आणि बरीचशी कागदपत्रं मात्र लागतात.

आपल्या शहरात पालिकेच्या 36 शाळा आहेत. मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू अशा चार माध्यमांच्या. 1985 साली ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली आणि 28 फेब्रुवारी 2002 ला महानगरपालिका. पण इथलं शिक्षण त्याहून जुनं आहे. शेतकरी, कोळी, मिठागरात राबणारे लोक यांची पोरं गावातल्या शाळेत पाटी घेऊन जात. नंतर इमारती वाढल्या. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली, आणि गावातली शाळा टॉवरांच्या मागे दिसेनाशी झाली. आज इथे पंधरा-वीस वर्षं राहिलेल्या माणसालाही घराजवळची पालिकेची शाळा कुठे आहे ते चटकन सांगता येत नाही. मतदान केंद्र तिथे असेल तरच येतं.

शाळा बंद करण्याचा ठराव सहसा कोणी मांडत नाही, म्हणून ती वाचवण्यासाठी कोणी रस्त्यावरही येत नाही. शाळा मरते ती संचमान्यतेच्या तक्त्यात. 30 सप्टेंबरला पटावर किती मुलं आहेत ते मोजलं जातं आणि त्यावरून शिक्षकांची पदं ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात हिशेब स्पष्ट आहे: पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. म्हणजे पटावर 61 वं मूल असलं तर तिसरं पद टिकतं, नसलं तर जातं. पद गेलं की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचं दुसरीकडे समायोजन होतं. उरलेले दोघे पाच वर्ग सांभाळतात. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसलेली पाहून पालक पुढच्या जूनमध्ये मूल काढून घेतात. मग पुढच्या सप्टेंबरचा आकडा आणखी खाली येतो. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने हे निकष आणखी आवळले आणि त्याविरुद्ध शिक्षक संघटनांनी राज्यभर आंदोलनं केली. मुंबईत हे चक्र पुरतं फिरून झालं आहे. गेल्या दहा वर्षांत तिथल्या महापालिकेच्या शंभराहून अधिक मराठी शाळा बंद पडल्या. आपल्याकडे तेवढ्या शाळाच नाहीत की शंभर गमावून काही शिल्लक राहील.

आता या मोजणीतली खरी मेख. पटावर नाव असणं पुरेसं नसतं. मुलाचा आधार क्रमांक पोर्टलवर जुळावा लागतो. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे असलं, जन्मतारीख वेगळी असली की ते मूल वर्गात बसलेलं असूनही मोजणीत अडतं. आणि हे कोणाच्या मुलांचं होतं? बांधकामाच्या साइटवर आलेल्या कुटुंबांचं, भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्यांचं, चेणे-वरसावेकडच्या पाड्यांवरच्यांचं. दोघंही रोजंदारीवर असलेल्या आईबापांना आधार केंद्राच्या रांगेत अर्धा दिवस घालवायचा म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी सोडायची. मुख्याध्यापक पाठपुरावा करतात, पण त्यांच्याकडे वर्गही असतो, पोषण आहाराची नोंदवही असते, निवडणुकीची ड्युटी असते. कायद्याच्या कलम 27 ने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून सोडवलं खरं, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती एवढं वगळून. आपल्या देशात या तिन्हींतलं काही ना काही सदैव चालूच असतं.

इथे तुमची गरज आहे. सुट्टीच्या दिवशी दोन मुलांना त्यांच्या पालकांसह आधार केंद्रावर नेऊन आणणं, फॉर्म भरून देणं, जन्मदाखल्यासाठी अर्ज लिहून देणं, एवढं काम एखाद्या गृहनिर्माण संस्थेतली चार निवृत्त माणसं सहज करू शकतात. बँकेत आयुष्य काढलेल्या आजोबांइतका चिवट पाठपुरावा या शहरात कोण करतो?

याहून आधीची पायरी प्रवेशाची. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनदादांची मुलगी कुठे शिकते? घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा नातू? रस्त्यापलीकडे जी इमारत उठते आहे, तिथल्या पत्र्याच्या खोल्यांतली मुलं दिवसभर काय करतात? विचारा. कायदा त्यांच्या बाजूने आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम 14), वर्षाच्या मधेच आलं म्हणूनही नाकारता येत नाही (कलम 15), आणि वयानुसार योग्य त्या वर्गात बसवावं लागतं (कलम 4). स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी कलम 9 ने थेट स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे आपल्या पालिकेवर टाकली आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याचीही. पण मूल कुठे आहे हे पालिकेच्या कार्यालयात बसून कळत नाही, तुमच्या गेटवर कळतं.

‘पण पालकांनाच इंग्रजी हवं आहे’ असं कोणीतरी म्हणणार. हवंच आहे, आणि त्यात चूक काय? घरकाम करणारी बाई पोटाला चिमटा घेऊन गल्लीतल्या दोन खोल्यांच्या इंग्रजी शाळेची फी भरते, तेव्हा ती भाषेचा द्रोह करत नसते. तिला दोनशे घरांपलीकडचं जग मुलासाठी हवं असतं. ठाणे-मुंबई परिसरात जूनच्या तोंडावर अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर होतात, त्यांतली एखादी तिच्याच मुलाची निघते. मान्यता नसलेल्या शाळेतल्या इंग्रजीपेक्षा पालिकेच्या शाळेत पहिलीपासून नीट शिकवलेलं इंग्रजी आणि सेमी-इंग्रजीचं गणित-विज्ञान तिला जास्त उपयोगाचं आहे. पण हे तिला कोणी जाऊन सांगायला हवं, आणि ते खरंही असायला हवं.

ते खरं आहे का? पालिकेच्या शाळांत मुलं शिकतात का? या प्रश्नावर आपण सगळेच अंदाजाने बोलतो. डिसेंबर 2024 मध्ये परख राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं. त्याचे निकाल जिल्ह्यानुसार येतात. आपला जिल्हा ठाणे, आणि त्या एका जिल्ह्यात सहा महानगरपालिका आहेत. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, उल्हासनगर, भिवंडी आणि आपण. वर शहापूर-मुरबाडचे आदिवासी पाडे. या सगळ्यांच्या सरासरीत उत्तनच्या शाळेतली सहावी कशी दिसणार? म्हणून पहिली मागणी हीच असावी: पालिकेने आपल्या प्रत्येक शाळेचा एक पानी अहवाल दरवर्षी शाळेच्या फाटकावर लावावा. पट किती, मंजूर शिक्षक किती, प्रत्यक्ष किती, तिसरीतली किती मुलं दुसरीचं पुस्तक वाचतात, शिष्यवृत्ती परीक्षेला किती बसली आणि किती पात्र ठरली, आठवी सुटलेली मुलं नववीला कुठे गेली. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. शिक्षण हक्काचा कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो, आणि गळती तिथेच सुरू होते. मुलींची तर नक्कीच.

कारभाराचं कोडंही समजून घ्या, नाहीतर चुकीच्या दारावर थापा मारत बसाल. पूर्वी शिक्षण मंडळं असत, 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यातून आलेली. ती बरखास्त करण्याचा निर्णय 2013 साली झाला. आज इमारत पालिकेची, शिक्षकभरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून, पगारासाठी राज्याचं अनुदान, पुस्तकं बालभारतीची, खिचडी केंद्राच्या योजनेतली. छप्पर गळतं तेव्हा आयुक्तांकडे जायचं आणि शिक्षक नसतो तेव्हा मंत्रालयाकडे बोट दाखवलं जातं. अशा वेळी एकच जागा अशी आहे जिथे पालकांचं बहुमत कायद्यानेच ठरवून दिलं आहे. ती म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे तीनचतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो. ही समिती शोभेची नाही हे गणवेशाच्या प्रकरणात दिसलं. राज्याने ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून खरेदी मुंबईतून करायचं ठरवलं. कपडे उशिरा आले, मापात बसले नाहीत, आणि डिसेंबर 2024 मध्ये तो अधिकार पुन्हा समित्यांकडे सोपवावा लागला.

आपल्या 36 शाळांच्या समित्यांच्या बैठका वेळच्या वेळी होतात का, पालक तिथे बोलतात की नुसती सही करतात, हे पालक म्हणून तुम्हीच पाहा. धुणंभांड्याच्या वेळात बैठक ठेवली तर आई येणार नाही. ती संध्याकाळी सातला ठेवा म्हणून आग्रह धरा.

राज्य सरकारने 2024 च्या फेब्रुवारीत नियम बदलून सांगितलं होतं की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने गरिबांसाठीच्या 25 टक्के जागा देण्याची गरज नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 ला तो बदल रद्द केला, हे बरंच झालं. पण गंमत पाहा. गरिबांना सरकारी शाळा पुरे, असं म्हणताना त्या शाळेला शिक्षक पुरे आहेत का, हे विचारायचं राहून गेलं.

आणि शाळा उठून उभी राहते, त्याचं उदाहरण फार दूर नाही. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. पट तीनवर आला होता, बंद होण्याच्या वाटेवर होती. शिक्षक दत्तात्रय वारे आणि गावकऱ्यांनी मिळून ती अशी उभी केली की 2025 साली जगभरातल्या शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांचा पुरस्कार तिला मिळाला. तिथे गाव होतं, म्हणून सोपं गेलं असं म्हणाल. मिरा-भाईंदरमध्येही गावं आहेतच, उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे, नवघर, काशी. आणि सोसायट्या आहेत, ज्या गणपतीला आणि नवरात्राला वर्गणी काढून दहा दिवस रात्र जागवतात.

जानेवारी 2026 च्या निवडणुकीतून 95 जणांचं सभागृह आलं आहे. ऑगस्ट 2022 पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या शहरात आता विचारायला माणूस आहे. आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला रस्त्याच्या खड्ड्याबरोबर हेही विचारा: तुमच्या प्रभागात पालिकेची शाळा कोणती, तिचा पट किती, शिक्षकांची किती पदं रिकामी आहेत, नववी-दहावीची सोय कुठे? उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.

उर्दू आणि हिंदी शाळांचं काय, असं मोर्च्यातला एखादा कार्यकर्ता विचारील. त्याही वाचवायच्या. नयानगरमधल्या मुलीची उर्दू शाळा बंद पडली तर ती मराठी शाळेत येणार नाही, घरी बसेल. मात्र 2020 च्या कायद्याने प्रत्येक शाळेत मराठी शिकवणं सक्तीचं आहे. तेव्हा या शाळांत मराठीचा शिक्षक खरोखर आहे का, हे जरूर पाहा. नसेल तर आठवड्यातून दोन तास जाऊन मुलांशी मराठीत गप्पा मारायला, गोष्टी सांगायला कोणाची हरकत नसावी. मुख्याध्यापकांना आधी भेटा, एवढंच.

तुमची स्वतःची मुलं खासगी शाळेत असतील तर ती तिथेच असू द्या. तुमच्याकडून हवं आहे ते एवढंच: मेअखेरपर्यंत आसपासच्या शाळाबाह्य मुलांची यादी, जूनमध्ये प्रवेश, जुलै-ऑगस्टमध्ये आधारच्या दुरुस्त्या, आणि 29 सप्टेंबरला मुख्याध्यापकांना एक फोन: सर, उद्याच्या पटासाठी कोणाचं नाव अडलं आहे?