घारी मोजायच्या कशाला?

पक्षिनिरीक्षण म्हटले की नाशिकच्या शाळा बस ठरवतात आणि निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला जातात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा जलाशय २०२० साली रामसर यादीत गेला. तो मान मिळवणारे महाराष्ट्रातील ते पहिले स्थळ. तेथे जरूर जावे. पण वर्षातून एकदा पन्नास मुलांनी एका दुर्बिणीभोवती गर्दी करायची, लांबची बदके पाहायची, डबे खायचे आणि परत यायचे, याला मी सहल म्हणेन. निरीक्षणाला तीच जागा पुन्हा पुन्हा पाहावी लागते, आणि ती घराजवळ असावी लागते.

पांडवलेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याचे नेहरू वनोद्यान अशी जागा आहे. शिकारी पक्षी पाहायला पहाटे उठावे लागत नाही, हे ऐकून काही विद्यार्थी मित्रांना बरे वाटेल! ऊन चढले की डोंगराचा उघडा खडक तापतो. त्यालगतची हवा तापून हलकी होते व वर जाऊ लागते. या हवेत पंख पसरून घिरट्या घालणारी घार पंख न हलवता उंच चढते. म्हणून सकाळी नऊनंतर आकाशाकडे पाहावे.

"पण घारच ना ती?" असे कोणी म्हणेल. शेपटीला खाच असलेली ही घार बारा महिने दिसते, हे खरे. पण हिवाळ्यात तिच्यात काळ्या कानाच्या घारी मिसळतात. दिल्लीत हिवाळा काढणाऱ्या अशा घारींच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी छोटी यंत्रे बसवली आणि उपग्रहाच्या मदतीने त्यांचा माग काढला. त्या काराकोरमच्या पर्वतरांगा ओलांडून पार मध्य आशियात व दक्षिण सैबेरियात विणीसाठी गेल्या. तेव्हा डिसेंबरात डोक्यावर फिरणारी प्रत्येक घार आपल्याच गावची असेल, असे धरून चालू नये.

नेहमीचे पक्षी मोजण्याचा माझा आग्रह गिधाडांमुळे आहे. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की किती गिधाडे उतरत, हे आजोबांना विचारा. १९८०च्या दशकात पांढऱ्या पाठीची गिधाडे इतकी सर्रास होती की ती मोजावीत असे फारसे कोणाला वाटले नाही. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मात्र डॉ. विभू प्रकाश यांनी त्या दशकात शिकारी पक्षी मोजून ठेवले होते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा गिधाडे झपाट्याने नाहीशी होत असल्याचे दिसले. जुने आकडे लिहिलेले होते, म्हणून ही घट दाखवता आली. पुढे २००४ मध्ये कारण प्रसिद्ध झाले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते व त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर देशातील या जातीची शंभरातील नव्याण्णवांहून अधिक गिधाडे गेली होती. आपल्या अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे अजून घरटी करतात, हे नाशिकचे भाग्य.

शिक्षक म्हणतील, मुलांच्या नोंदी चुकतील. चुकतीलच. पावशा हा कोकिळेच्या कुळातला पक्षी शिक्र्यासारखा इतका दिसतो की लहान पक्षीही त्याला पाहून ओरडा करतात. जेथे चिमण्या फसतात, तेथे आठवीतला मुलगा फसला तर काय बिघडले? ओळख पटली नाही, तर तसे लिहावे.

दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी अर्धा तास उभे राहावे. तारीख, वेळ, हवा आणि एका वेळी दिसलेल्या घारींची सर्वांत मोठी संख्या लिहावी, म्हणजे तीच घार दोनदा मोजली जाणार नाही. पाऊस ओसरताना पहिला पांढरा धोबी शेपटी हलवत हिरवळीवर केव्हा आला, हेही टिपावे. एकही घार दिसली नाही तर शून्य लिहावे, रकाना मोकळा सोडू नये. दहावीची मुले शाळा सोडून गेली की वही नववीकडे यावी. या वहीला गुण मात्र देऊ नयेत. गुण आले की मुले शून्य लिहायला घाबरतात.